कल्लूच्या ओट्यावरचे वकीलसाहेब

नरहरराव वकिलांनी मला उभ्या आयुष्यात एकदाही "कसे आहात?" असं विचारलं नाही. पहिल्यांदा भेटले तेव्हाही नाही. आम्ही अंबरपेठेत बिऱ्हाड करून आठच दिवस झाले होते. सकाळी कडी वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर एक उंच, वाळलेले गृहस्थ. अंगात काळी शेरवानी, खाली धोतर, डोक्यावर रुमी टोपी आणि हातात फिरकीचा तांब्या. मी नमस्कार केला. त्यांनी तो पाहिलासुद्धा नाही.

"घरात जुलाब कोणाला?"

"कोणालाच नाही."

"पाणी उकळता?"

"हो, हो. उकळतो की."

"तुम्ही उकळता का बाई उकळतात?"

"ही उकळते."

"मग तुम्ही कशाला उत्तरं द्यायलात? त्यांना बोलवा."

सुशीला पदर सावरत बाहेर आली. किती वेळ उकळता, कशात भरता, भांडं बुडवून काढता का ओतून घेता, अशी तिची रीतसर उलटतपासणी झाली. मग "ठीक" एवढंच म्हणून ते शेजारच्या दारी गेले. माझ्याकडे शेवटपर्यंत बघितलं नाही. शेजाऱ्यांना विचारलं तेव्हा कळलं, हे म्युनिसिपालिटीतले आपल्या भागाचे मेंबर. हायकोर्टात वकिली करतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, थोरली बहीण घर सांभाळते, आणि साथ सुरू झाल्यापासून कोर्टाच्या आधी रोज सगळा मोहल्ला पायी फिरतात.

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा धीर करून विचारलं, "वकीलसाहेब, तुम्ही माणसाची साधी विचारपूस का करत नाही?"

"कसे आहात म्हटलं की माणूस बरं आहे म्हणतो," ते म्हणाले. "मरायला टेकलेला असला तरी बरं आहे म्हणतो. मला काय उपयोग त्याचा? म्हणून मी खोटं बोलता येणार नाही असं विचारतो."

त्या उन्हाळ्यात खरं बोलणं ही चैनच होती. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं, आमचं संस्थान मात्र अजून बाहेर. सरहद्दीवर देशाच्या सरकारची नाकेबंदी. शहरात संस्थानाच्या बाजूचे खाकी कपडेवाले स्वयंसेवक लाठ्या घेऊन फिरायचे. दिवस मावळल्यावर बाहेर पडायची बंदी, चार माणसं एकत्र जमायची बंदी. आणि त्यात पटकी आली. नदीकाठच्या वस्त्यांतून ती अफझलगंजकडे गेली, तिथून आमच्याकडे आली. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी पांढरा पडायचा आणि संध्याकाळी उचलावा लागायचा. मी ज्या कचेरीत अहलकार, म्हणजे साधा कारकून होतो, तिथे मात्र पटकी हा शब्द कागदावर आणायला मनाई होती. 'मौसमी दस्त', म्हणजे हवामानाचे जुलाब, असं लिहायचं. त्या कचेरीचं नाव मी सांगत नाही. माझी पेन्शन अजून चालू आहे.

वकीलसाहेब रोज खबर द्यायचे. खबर हा त्यांचाच शब्द. सकाळी आठाला मोहल्ला फिरून झाला की चौरस्त्यावर यायचे आणि कल्लूच्या दुकानाच्या ओट्यावर चढायचे. कल्लू म्हणजे शिंदी, ताडीसारखी दारू. आयुष्यात सुपारीचं खांडही न खाल्लेला हा देशस्थ ब्राह्मण शिंदीच्या ओट्यावर उभा राहतो, याचं आमच्या मराठी गल्लीला फार वाईट वाटायचं. मठाचे कारभारी बाळाचार्य एकदा म्हणालेही, "नरहरराव, बोलायचंच तर मठाच्या पायरीवर बोला. जागा तरी बरी."

"मठाच्या पायरीवर कोण येतं?" वकीलसाहेबांनी विचारलं. "तुम्ही नि मी. इथून सगळे जातात."

दुकानाचा मालक मल्लय्या हा लुंगी गुडघ्यावर खोचलेला धिप्पाड गडी. वकीलसाहेब यायच्या आत तो ओटा धुऊन ठेवायचा, आदल्या दिवशीचे मातीचे मुंते, म्हणजे शिंदी प्यायची मडकी, उचलायचा आणि मग स्वतः हात बांधून खाली उभा राहायचा. वकीलसाहेब शेरवानीची गुंडी लावायचे, टोपी सरळ करायचे आणि सुरू व्हायचे. आधी दखनी उर्दूत, "सुनो मियाँ, सुनो अम्मा," मग तेलुगूत, मग मराठीत. कोणत्या गल्लीत कोण आजारी, कोण गेलं, कुठल्या विहिरीचं पाणी घ्यायचं नाही, दवाखान्यात खाट आहे की नाही, पाणी शुद्ध करायची पांढरी पूड किती उरली. शेवटी प्रत्येक भाषेत एकच वाक्य, पाणी उकळून प्या. तेलुगूत ते "नीळ्ळु काचि तागंडि" असं ओरडायचे तेव्हा त्यांचे उच्चार ऐकून तेलंगी बायका पदराआड हसायच्या. पण घरी जाऊन पाणी उकळायच्या.

जमावबंदीचं काय, असं एका पोलीस अमीनाने त्यांना हटकलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "मी कोणाला जमवत नाही. लोक पाणी भरायला चाललेत. मी इथे एकटा उभा आहे. एकट्याने उभं राहायला बंदी कुठल्या दफेत आहे, दाखवा." अमीन ते कलम शोधायला गेला तो परत आला नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण तिच्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. एक दिवस कचेरीतल्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आप उसी मोहल्ले में रहते हैं ना?" मी "जी" म्हटलं. साहेबांनी टंकलेला कागद पुढे केला. शहरात कुठलीही साथ नाही, सर्वत्र खैरियत आहे, जनतेने अफवांवर विश्वास ठेवू नये. उद्या सकाळी त्या वकिलाच्या आधी तुम्ही ओट्यावर जाऊन हे वाचा, असा हुकूम. मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून "जी हुजूर" बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तो वकीलसाहेब माझ्याआधी ओट्यावर. माझ्या हातातला कागद त्यांनी दुरूनच ओळखला. वाटलं, आता चार लोकांत माझी सालटी निघणार. पण ते खाली उतरले. "या, या, सरकारी खबर आणलीत? चढा वर." मला हात देऊन त्यांनी वर घेतलं, आणि लोकांकडे वळून म्हणाले, "हे आपले शेजारी. सरकारी नोकर आहेत, पोटासाठी वाचायलेत. कोणी हसायचं नाही. आधी सरकारी ऐका. मग मी खरी सांगतो."

मी वाचलं. 'खैरियत' शब्दाला माझा आवाज चिरकला. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मी उतरल्यावर ते चढले आणि आदल्या दिवशी गेलेल्या तीन माणसांची नावं त्यांनी घरासकट सांगितली. त्यानंतर साहेबांनी मला पुन्हा पाठवलं नाही. वकीलसाहेबांनीही तो विषय कधी काढला नाही. मनात आणलं असतं तर कचेरीतले खरे आकडे ते माझ्याकडून सहज काढू शकले असते. त्यांनी मला कधी एक आकडा विचारला नाही. माझी नोकरी किती कच्च्या धाग्यावर आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्यांचे वैरी दोन्ही बाजूंना होते. पांढरी पूड संपत आली तेव्हा त्यांनी ओट्यावरून सांगून टाकलं, की पूड सरहद्दीवर अडली आहे, नाकेबंदीत औषधही अडतं. त्याच दुपारी संस्थान देशात आणायच्या लढ्यातले दोन तरुण त्यांच्याकडे आले. मी तिथेच बसलो होतो. पोरं चांगली होती, तुरुंगात जाऊन आलेली.

"वकीलसाहेब, तुम्ही आपले ना? मग नाकेबंदीला नावं ठेवू नका. लोकांचा धीर खचतो."

"नावं ठेवत नाही. पूड नाही एवढं सांगायलोय."

"पण का नाही ते कशाला सांगता?"

"लोक विचारतात म्हणून."

त्यांची पाठ वळते न वळते तोच खाकीवाल्यांचा म्होरक्या आला. तो म्हणाला, "वकीलसाब, हमारे राज में हैजा है बोलके अफवाह नक्को फैलाव. अंजाम अच्छा नहीं होता."

"अफवाह? नाम बोलूँ? घर बताऊँ? चलो मेरे संगात," म्हणत वकीलसाहेब उठून चपला शोधायला लागले. तो त्यांच्याबरोबर गेला नाही. जाताना दारावर लाठी मात्र आपटली.

वकीलसाहेब खुर्चीत बसून म्हणाले, "दोघांनाही एकच पाहिजे बघा. माणसं मेली तरी चालतील, पण आपल्या सोयीच्या कारणानं मेली पाहिजेत." आतून त्यांच्या बहिणीचा, गंगूअक्काचा आवाज आला, "नरहरी, भाषण झालं असेल तर जेवायला ये. भाताचा गोळा व्हायलाय."

अक्का नऊवारी लाल आलवणातली, केशवपन केलेली, काटक म्हातारी. भावापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. त्यांची आई लवकर गेली, तेव्हापासून तिने त्यांना वाढवलेलं. सोवळं कडक. नळाच्या तोटीत कातडी वादी असते म्हणून नळाचं पाणी तिने कधी शिवलं नाही. पहाटे ओलेत्याने मठाच्या विहिरीवर जाऊन घागर आणायची, त्या पाण्याने देवपूजा आणि स्वयंपाक. भावाचं मात्र अक्षर न अक्षर ऐकायची. पाणी उकळून प्या म्हटल्यावर तिच्या घरी प्यायचं पाणी उकळल्याशिवाय मडक्यात जात नसे. मोहल्ल्यातल्या आळशी बायकांना ती रस्त्यात गाठून झापायची, "माझा भाऊ घसा कोरडा करून ओरडायलाय, नि तुम्हाला चुलीवर पातेलं ठेवणं होत नाही?"

तिची पूजा आटोपली की गल्लीतल्या सात-आठ घरच्या बायका तीर्थाला यायच्या. अक्काच्या हातचं तीर्थ घेतलं की दिवस बरा जातो अशी सगळ्यांची श्रद्धा. सुशीलाही जायची. वकीलसाहेब तेव्हा फेरीवर असत आणि मी कचेरीच्या घाईत, त्यामुळे पुरुषांच्या वाट्याला ते क्वचित यायचं.

साथीचा जोर महिनाभर होता. एक गोष्ट वकीलसाहेबांना खात होती. मुसलमानांच्या गल्लीत आजार हटत आला होता, मल्लय्याच्या तेलंगी वाडीत थांबला होता, आणि सगळ्यांत जास्त ऐकणारी, सगळ्यांत काटेकोर उकळणारी आमची मराठी गल्ली, तिथे मात्र एकामागून एक घर आजारी पडत होतं. "कोणीतरी खोटं बोलायलंय," ते म्हणायचे. मग तीच तीच उलटतपासणी पुन्हा. बायका रडकुंडीला आल्या. एकीने तर देवाची शपथ घेतली.

आणि एक दिवस अक्काच पडली.

सकाळीच तिला जुलाब सुरू झाले. वकीलसाहेब त्या दिवशी ओट्यावर जाणार नव्हते. तिनेच त्यांना पाठवलं. "लोक थांबलेत तिथं. माझ्याजवळ बसून काय करायलास?" ते गेले, खबर दिली, धावत परत आले. मी कचेरी बुडवून तिथेच होतो. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं होतं. ते पोटात ठरत नव्हतं. वकीलसाहेब तिच्या उशाशी बसले आणि मला वाटलं, निदान आज तरी ते विचारपूस करतील. त्यांनी विचारलं, "अक्का, पाणी कुठलं प्यायलीस?"

"उकळलेलंच," अक्का म्हणाली. आवाज खोल गेला होता. "तुझी शपथ. तीर्थ सोडलं तर दुसरं थेंबभर घेतलं नाही."

अक्का खोटं बोलणारी नव्हती. वकीलसाहेब मग उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून अक्कालाही समजलं असावं, कारण ती म्हणाली, "जा. बघून ये. मी आहे." 

मी त्यांच्या मागून धावलो. ते दुपारच्या उन्हात, टोपीसुद्धा न घालता, घरोघर गेले. आता प्रश्न एकच होता, तीर्थ कोणी घेतलं होतं? आमच्या दारी आले तेव्हा सुशीला मागच्या पडवीत बाजूला बसलेली होती. 

"बाई, तुम्ही अक्काचं तीर्थ कधी घेतलं?"

ती लाजली. मग तिथूनच म्हणाली, "मला चार दिवस तीर्थ कुठलं, काका? मी बाहेरची आहे."

वकीलसाहेब खांबाला धरून उभे राहिले. आजारी पडलेल्या प्रत्येक घरात एक तरी बाई अशी निघाली होती, जी त्या दिवसांत बाजूला होती, जिला तीर्थ चुकलं होतं, आणि जी ठणठणीत होती. पाणी सगळ्यांनी उकळलं होतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. पण देवाचं पाणी सोवळ्यातलं, मठाच्या विहिरीतून आणलेलं, ते चुलीवर ठेवून 'शिजवायचं' हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तीर्थ म्हणजे पाणीच, हे त्या अख्ख्या गल्लीत एकालाही सुचलं नव्हतं. मेंबरांनाही नाही. मलाही नाही.

आम्ही परत पोचलो तेव्हा अक्का गेली होती. शेवटच्या घटकेला तिच्याजवळ शेजारची एक म्हातारी होती, भाऊ नव्हता. हे वकीलसाहेबांनी कधी बोलून दाखवलं नाही. संचारबंदीच्या आत सगळं उरकायचं होतं. घाईघाईने अंबरपेठच्या स्मशानात नेली.

तिथेच बाळाचार्यांनी त्यांना बाजूला घेतलं. मी लाकडाच्या वखारीशी उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. "नरहरराव, झालं ते वाईट झालं. पण उद्या ओट्यावर मठाचं नाव घेऊ नका. दिवस कसे आहेत तुम्ही बघता. त्या खाकीवाल्यांच्या हातात कोलीत द्यायचं का? अक्काला ताप होता म्हणा. आम्ही विहीर गुपचूप बंद करतो."

"गुपचूप बंद केली तर लोक गुपचूप पाणी काढतील," वकीलसाहेब म्हणाले.

"मग समाज तुमच्याकडे पाणी प्यायचा नाही, एवढं लक्षात ठेवा."

"उकळलेलं तरी प्या म्हणावं," असं म्हणून वकीलसाहेब चितेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना सुतक होतं. ओट्यावर येतील असं मल्लय्याशिवाय कोणाला वाटत नव्हतं. त्याने ओटा धुऊन ठेवला होता. वकीलसाहेब आले ते उघड्या डोक्याने, शेरवानीशिवाय, नुसत्या धोतरावर उपरणं घेऊन. तसे ते फार लहान दिसत होते. खबर रोज दखनीतून सुरू व्हायची. त्या दिवशी त्यांनी मराठीतून सुरू केली.

"काल एक माणूस गेलं. गंगाबाई. माझी बहीण. पटकीनं गेली. ती पाणी उकळून प्यायची. पण तीर्थ घ्यायची, आणि तीर्थ मठाच्या विहिरीच्या कच्च्या पाण्याचं होतं. तेच तीर्थ तिनं आठ घरांना दिलं. त्यातल्या सहा घरांत आजार शिरला. चूक तिची नाही. महिनाभर मी इथून 'प्यायचं पाणी उकळा' म्हणून ओरडतोय, तीर्थाचं नाव घेतलं नाही. लहानपणापासून मी त्याला पाणी म्हटलंच नाही, म्हणून. ही चूक माझी आहे. मठाची विहीर आजपासून बंद. देवाचं पाणीही उकळायचं."

गर्दीतून आमच्यातलाच एकजण ओरडला, "धर्म बुडवलात! देवाला काय शिजवलेलं पाणी घालायचं?"

"दिवाळीला देवाला ऊन पाण्याचं अभ्यंग घालता ना?" वकीलसाहेब तितक्याच मोठ्याने म्हणाले. "तेव्हा चालतं, मग रोज चालवा. देवाची हरकत असेल तर माझ्यावर दावा लावा म्हणावं. मी हजर आहे."

एक दगड आला. त्यांच्या खांद्याला लागला. मल्लय्या ओट्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने लुंगी वर खोचली, एवढ्यावर दुसरा दगड आला नाही. वकीलसाहेबांनी मग तेच सगळं तेलुगूत सांगितलं, तेच दखनीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

खाकीवाल्यांना आनंद झाला. दिवसभर ते गल्लीतून हसत फिरले, "देखो, इनके मठ का कुआँ!" तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी ओट्यावरून जाहीर केलं, की हसणाऱ्यांसाठीही खबर आहे, तुमच्या तळावरच्या टाकीचं पाणी पिऊन दोघे दवाखान्यात पडले आहेत, टाकी धुवा. हसणं बंद झालं. टाकी धुतली की नाही ठाऊक नाही.

आठ दिवस मराठी गल्लीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. पण गल्लीत फिरताना मला एक दिसत होतं. पहाटे पहाटे, आमच्या घरासकट, घराघरांतून चुलीवर छोटी छोटी तांब्याची भांडी चढत होती. बायका बोलत नव्हत्या, उकळत होत्या. महिना संपायच्या आत आमच्या गल्लीतला आजार थांबला.

मग सप्टेंबरात फौजा आल्या, चार दिवसांत सगळं संपलं आणि आमचं संस्थान देशात आलं. लोकांनी पेढे वाटले. मीही वाटले. दुसऱ्या सकाळी वकीलसाहेब ओट्यावर. "राज्य बदललं," ते म्हणाले, "चांगलं झालं. जुलाब बदललेले नाहीत. नदीकाठी काल दोन माणसं गेली." नवे अधिकारी आले, त्यांनी गोडीत समजावलं, की आता आपलंच सरकार आहे, रोगराई मागच्या राजवटीबरोबर गेली असं सांगितलं तर लोकांना बरं वाटेल. वकीलसाहेब म्हणाले, "लोकांना बरं वाटायला बरं व्हावं लागतं." नव्या सरकारातही त्यांचे मित्र झाले नाहीत ते असे.

सगळ्यांना मताचा हक्क मिळून निवडणूक झाली तेव्हा ते आपल्या हिमतीवर उभे राहिले. विरुद्ध बाजूने एकच प्रचार केला, हा तो वकील, ज्याने तीर्थाला विष म्हटलं. मल्लय्याच्या वाडीने त्यांना मतं दिली, मुसलमानांच्या गल्लीने दिली. आमच्या गल्लीने पाडलं. मतं मोजून झाल्यावर त्यांनी नव्या मेंबरांना हार घातला आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

त्यानंतर पाचेक वर्षांनी राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरलं आणि माझी बदली औरंगाबादेला लागली. सामान बांधायला घेतलं होतं, त्याच आठवड्यात मठाची विहीर पुन्हा उघडायचा समारंभ झाला. बाळाचार्य म्हातारे झाले होते. झालं गेलं विसरू या म्हणून ते स्वतः वकीलसाहेबांना घेऊन आले आणि त्यांना पुढे बसवलं. सगळ्या गल्लीला त्यातला अर्थ कळत होता. वकीलसाहेबांनी सगळ्यांदेखत या विहिरीचं तीर्थ घ्यायचं, म्हणजे अक्काचा, ओट्यावरचा तो दिवस पुसला गेला. आणि त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या मोहल्ल्यात पुन्हा जुलाबाचे दोन रोगी सापडले होते.

नव्या मेंबरांनी विहिरीचं पाणी पिण्यास योग्य असल्याचा कागद वाचून दाखवला. तो कागद माझ्या हस्ताक्षरातला होता. साहेबांनी सांगितला, मी लिहिला. विहिरीतून तपासायला बाटलीभर पाणीसुद्धा गेलेलं नव्हतं.

तीर्थ वाटायला सुरुवात झाली. पळी पहिल्यांदा वकीलसाहेबांच्या तळहातावर रिकामी झाली. त्यांनी हात तोंडाशी नेला आणि तसाच धरून विचारलं, "उकळलंय?"

"वकीलसाहेब, आज तरी नको," बाळाचार्य काकुळतीने म्हणाले.

"तपासलंय?"

"कागद वाचला की आत्ता," नवे मेंबर म्हणाले.

वकीलसाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी चटईकडे. ते मला विचारू शकले असते, आणि माझी खात्री आहे, त्या दिवशी मला खोटं बोलवलं नसतं. पण त्यांनी विचारलं नाही. तळहात पालथा केला. तीर्थाचा एक थेंब सांडला तरी आम्ही तो टिपून डोळ्यांना लावतो, आणि इथे अख्खं तीर्थ फरशीवर पडलं. तेवढ्यात बायकांच्या रांगेत सुशीलाने आपला हात पालथा केला. मग अक्काच्या शेजारच्या म्हातारीने. मग आणखी दोघी-तिघींनी. त्यांच्यानंतर मी केला. त्यांच्यानंतर, हे कबूल केलं पाहिजे.

वकीलसाहेब तोवर उठून बाहेर गेले होते. आम्ही दारात आलो तर ते रस्ता ओलांडून कल्लूच्या ओट्यावर चढत होते. सत्तरीला आले होते, गुडघे वाकत नव्हते, पण मल्लय्याने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला. शेरवानीला ओला तळवा पुसला.

"मी मेंबर नाही, ते सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "तरी ऐका. मठाची विहीर आज उघडली. पाणी कोणी तपासलेलं नाही. उकळून घ्या. तीर्थसुद्धा."

मग तेच त्यांनी दखनीत सांगितलं आणि तेच तेलुगूत. आम्ही मठाच्या दारात उभे राहून तिन्ही वेळा ऐकलं.